‘थोडं कोवळं ऊन घ्या’ असं कधीच न म्हणालेल्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

ऊन सोसत नसलेल्या माणसाचं व्हिटॅमिन डी कमी निघालं की सल्ला ठरलेला असतो: सकाळचं कोवळं ऊन घ्या, नाहीतर निदान खिडकीशी बसा. उन्हाने त्रास देणारा आजार कुठलाही असो, ल्युपस, सोलर अर्टिकेरिया की प्रोटोपॉर्फिरिया, हे ऐकलं नाही असा आमच्यात कुणी नाही. तुम्ही ते कधी म्हणाला नाहीत, आणि का म्हणत नाही तेही समजावून सांगितलंत. म्हणून हे पत्र.

त्वचेत डी तयार होतं ते साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे. खिडकीची साधी काच ते जवळजवळ सगळे अडवते. यूव्हीए हे दुसरे अतिनील किरण मात्र बरेचसे आत येतात, आणि दृश्य प्रकाशाला तर काचेची अडचणच नसते. प्रोटोपॉर्फिरियात आग होते ती ४०० ते ४१० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने, तोही काचेतून थेट येतो. म्हणजे काचेआड बसून डी मिळत नाही, त्वचा मात्र पेटते. कोवळ्या उन्हातही फारसा फरक नाही. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असते तेव्हा यूव्हीबी फार थोडे पोचतात. हे कळल्यावर कितीतरी जणांची अपराधी भावना गेली, आणि याचं मोल आम्हाला औषधाइतकंच वाटतं.

तपासणीच्या चिठ्ठीवर तुम्ही ‘२५-हायड्रॉक्सी’ या शब्दाखाली रेघ मारायचात, कारण शरीरातला डीचा साठा तीच तपासणी दाखवते. १,२५-डायहायड्रॉक्सी ही वेगळी तपासणी. शरीरातला साठा रिकामा होत आला तरी कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन वाढून या दुसऱ्या तपासणीचा आकडा नॉर्मल, कधी जास्तसुद्धा दिसतो, आणि माणूस फसतो. एककाचंही तसंच: २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ५० नॅनोमोल प्रति लिटर. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून ‘डी अडीचपट झालं’ म्हणणारे खूप असतात. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांना तुम्ही ते आधी काही दिवस थांबवायला लावायचात, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे डीचा आकडा खोटाच वर जातो.

गोळीबद्दल तुम्ही थोडकंच सांगितलंत. डी३ (डीचाच एक प्रकार) घ्या, दिवसातल्या मोठ्या जेवणासोबत घ्या, कारण ते स्निग्ध पदार्थात विरघळतं. डोस बदलला की साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. त्याआधी आकडा स्थिरावलेला नसतो. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट, डबीवर काय छापलंय ते आधी वाचा. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय मोठ्या माणसाने रोज ४००० युनिटच्या वर जायचं नाही. आणि आठवड्याची गोळी रोज घेतली जाते, ही चूक सगळ्यात घातक, म्हणून वार पाकिटावर लिहूनच घ्यायचा. सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ असं काही जाणवलं तर गोळी थांबवून रक्तातलं कॅल्शियम तपासायचं. सार्कॉइडोसिस (कॅल्शियम वाढवू शकणारा आजार) किंवा मुतखडा असणाऱ्यांना तर डोस ठरण्याआधीच कॅल्शियम बघायला लावलंत.

स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, म्हणून ल्युपससाठी ती दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हाडांची चौकशी तुम्ही न विसरता करायचात. गर्दीच्या ओपीडीत तेवढा वेळ काढणं सोपं नसतं.

तुम्ही आखून दिलेला चार रकान्यांचा तक्ता, तारीख, आकडा, एकक आणि डोस, आता आमच्या फायलींमध्ये सगळ्यात वर असतो. नवीन कुणी आलं की आधी त्याची झेरॉक्स देतो.

आपले ऋणी,
ऊन टाळून राहणारे आम्ही सगळे