गॅलरी गेली, लॉबी आली

मा. संपादक,

मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळीच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळीच्या जागी ४० मजली टॉवर उभे राहिले, १६० चौरस फुटाच्या खोलीतून माणसं ५०० चौरस फुटात गेली, आनंदच आहे, स्वतःच्या घरात संडास असणं म्हणजे काय हे चाळीत राहिलेल्यालाच कळतं. पण टॉवर डिझाइन करणाऱ्यांना एक विचारायचंय, की जुन्या चाळींतली ती लांबलचक कॉमन गॅलरी नक्की कुठे गेली? तिथे पापड वाळायचे, पोरं अभ्यास करायची, म्हाताऱ्यांचं पेपरवाचन आणि भांडणं पण तिथेच (भांडणं जरा जास्तच). आता लिफ्टसमोर अंधारी लॉबी, दिवसा पण ट्यूबलाइट, आणि सगळ्यांचे दरवाजे बंद.

माझी आत्या दुसऱ्याच एका रिडेव्हलपमेंटच्या बिल्डिंगमध्ये १८व्या मजल्यावर राहते, लिफ्ट बंद पडली की दोन दोन दिवस खाली उतरत नाही, भाजी पण शेजारचा मुलगा आणून देतो. तिथे रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला राखलेल्या मोकळ्या जागेत, जुने सोफे नि सायकली ठेवल्यात, आग लागली तर माणसांनी थांबायचं कुठे?

दर चार-पाच मजल्यांनी एक मोकळी, हवेशीर, बसायला कट्टा असलेली जागा प्लॅनमध्येच ठेवता येणार नाही का, रेफ्यूज एरिया सोडून वेगळी? आणि मेंटेनन्सचा हिशोब चावी देण्याआधीच लोकांना सांगा ना, लिफ्ट, पंप, जनरेटर सगळं शेवटी त्यांच्याच खिशातून चालणार आहे.

– एक वाचक, परळ