सिद्ध झालेले संशोधन सीमाभागापर्यंत पोहोचवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूर.

विषय: तोंडाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील संशोधनाचा लाभ बेळगाव सीमाभागातील रुग्णांना देण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

कर्करोगावरील नव्या उपचारांच्या बातम्या आता आमच्या गावांतही वाचल्या जातात. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाविरुद्ध वापरतात) ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली, याचा आम्हालाही अभिमान वाटतो. परंतु तो उपचार रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांत आम्हाला वारंवार दिसतो तो गालाचा, हिरडीचा, जिभेचा आणि स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग. या रोगांवर आपल्याच देशात झालेले संशोधन फारसे गाजले नाही. पण ते कमी खर्चाचे आहे, मोठ्या चाचण्यांतून तावून सुलाखून निघालेले आहे, आणि ते आमच्या तालुक्यांपर्यंत आणणे आपल्या अधिकारात आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

निपाणीची बाजारपेठ तंबाखूवर उभी राहिली. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांच्या पिढ्या येथे झाल्या. त्यांच्यापैकी अनेकजणी सकाळी उठल्यावर आणि कामाच्या मधल्या सुट्टीत मिश्री लावतात. पुरुष तंबाखू-चुना मळून गालात धरतात. तंबाखूतील नायट्रोसअमाइन नावाची रसायने पेशींच्या डीएनएला चिकटून त्यात बिघाड करतात, आणि पेशींच्या वाढीवर नियंत्रण ठेवणारी जनुके एकेक करून निकामी होत गेली की कर्करोग होतो. सुपारीही निर्दोष नाही. तिच्यामुळे गालाच्या आतील कातडी आखडत जाते आणि पुढे पुढे भाकरीचा घास घेण्यापुरतेही तोंड उघडत नाही. भारतात विशेष आढळणाऱ्या गाल-हिरडीच्या या कर्करोगाचा जनुकीय अभ्यास आपल्याच शास्त्रज्ञांनी करून 2013 मध्ये प्रसिद्ध केला आहे.

या रोगाची एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तो डोळ्यांना दिसणाऱ्या जागी होतो आणि बहुतेक वेळा आधी सूचना देतो. आशा कार्यकर्तीने हातमोजा घालून गाल बाजूला ओढला, बॅटरीच्या उजेडात हिरडीच्या मागची खाच पाहिली, जीभ उचलून तिच्याखाली नजर टाकली आणि पांढरा किंवा लाल चट्टा बोटाने चाचपून पाहिला, की तपासणी झाली. तिला काही मिनिटेच लागतात. केरळमध्ये तिरुअनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी अशीच तपासणी केली. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये या तपासणीमुळे तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 34 टक्क्यांनी घटल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या वर्षांनंतरही आमच्याकडचा रुग्ण गालाला भोक पडल्यावर डॉक्टरांपुढे उभा राहतो, हे मला सहन होत नाही.

रोग हाताबाहेर गेलेल्यांसाठीही आता काही करता येते, आणि या मुद्द्याकडे आपण विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे. आपल्या शरीरातील टी-पेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशी कर्कपेशींना मारू शकतात. पण टी-पेशींवर पीडी-1 नावाचा एक लगाम असतो, आणि कर्कपेशी तोच खेचून त्यांना थोपवतात. हा लगाम सोडवणाऱ्या इम्युनोथेरपीच्या मूळ संशोधनाला 2018 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. निव्होल्युमॅब हे त्यातील एक औषध, पण पूर्ण मात्रेत ते सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेरचे. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या कर्करोगाच्या पुढच्या टप्प्यातील 151 रुग्णांवर चाचणी घेतली, आणि तोंडावाटे घ्यायच्या कमी खर्चाच्या औषधांच्या जोडीला निम्म्या रुग्णांना दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, निव्होल्युमॅब दिले. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. या औषधाची कुपी 40 मिलिग्रॅमचीही मिळते. दोन रुग्णांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी बोलावले तर एक कुपी दोघांना पुरते. वेगवेगळ्या दिवशी बोलावले तर निम्मे औषध वाया जाते. म्हणजे खर्च निम्म्यावर आणणे हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे, आणि जिल्हा रुग्णालयाला तो सोडवता येईल.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबतचा मोठा पुरावा मराठी मुलखातूनच आला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (या रोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे 2009 मध्ये त्यातून दिसले. तुलनेसाठी ठेवलेल्या ज्या गटाला तपासणी मिळाली नाही त्याच्याविषयी पुढे नैतिक प्रश्न विचारले गेले, आणि ते योग्यच होते. अशा किमतीने मिळालेले ज्ञान कपाटात पडून राहणे मला अधिकच अन्यायाचे वाटते.

आणखी एक गोष्ट, जी खर्चाची मुळीच नाही. खानापूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने रुग्णालयातून मिळालेले कागद माझ्याकडे वाचायला आणले होते. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात, ताप आल्यास ताबडतोब दाखल व्हावे, ही सूचना त्यात कन्नड आणि इंग्रजीत ठळक छापलेली होती. घरात कोणालाच ती वाचता आली नव्हती आणि रुग्ण असलेल्या बाईंनी ताप अंगावर काढला होता. कन्नड ही राज्याची भाषा आहे, तिचा मान आम्ही राखतो, आणि सीमाप्रश्नाच्या वादात मला या पत्रातून शिरायचे नाही. परंतु संमतीपत्र आणि औषधांच्या सूचना रुग्णाला कळतील अशा भाषेत असणे हा उपचाराचाच भाग आहे.

तेव्हा माझी मागणी अशी की, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर आणि बेळगाव या तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तोंडाची तपासणी आणि तिशीपुढील स्त्रियांची एचपीव्ही चाचणी नियमित सुरू करावी. संशयास्पद चट्ट्याचा तुकडा काढून तो तपासणीला पाठवण्याची सोय तालुक्यातच करावी, कारण बेंगळूरचे किडवाई कर्करोग रुग्णालय येथून सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे आणि मजुरी बुडवून तेथे जाणे बहुतेकांना शक्य होत नाही. कमी मात्रेतील निव्होल्युमॅब सरकारी खरेदीत आणून बेळगावात ठरलेल्या वारी द्यावे. आणि सर्व सूचनापत्रके कन्नडबरोबर मराठीतही छापावीत. भाषांतराचे काम आमच्यासारखे शिक्षक विनामोबदला करतील. हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावला याल तेव्हा यावर आपला निर्णय जाहीर करावा आणि त्याआधी शक्य झाल्यास निपाणीच्या एखाद्या वखारीत जाऊन तेथील कामगार स्त्रियांशी बोलावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक माध्यमिक शिक्षक,
निपाणी तालुका, जिल्हा बेळगाव