तंत्रस्नेही शिक्षकांना ग्रंथपालांची सोबत हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांना स्मार्ट टीव्ही किंवा टॅब मिळाल्याच्या बातम्या जिल्ह्याच्या पानावर वरचेवर येतात. फीत कापणारे पाहुणे, मागे गणवेशातली मुले, कडेला मुख्याध्यापक. लोकसहभागातून येणाऱ्या या वस्तूंना नावे ठेवायची नाहीत. आमच्या शाळेतला टीव्ही तसाच आला आणि रोज चालतो. पण तो हाताळणारा शिक्षक हे सगळे शिकतो कुठे, यावर फारसे कोणी बोलत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी चौथीचा वर्ग घेते. त्या अनुभवातून हे पत्र.

‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणजे तंत्रज्ञान वापरून शिकवणारा शिक्षक. हे बिरुद २०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला तेव्हापासून आमच्यामागे लागले आहे. पुढे पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, २०१७च्या शिक्षकदिनी ‘दीक्षा’ हे शैक्षणिक साहित्याचे सरकारी संकेतस्थळ व अ‍ॅप सुरू झाले, करोनाच्या काळात ‘निष्ठा’ या देशव्यापी शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे प्रशिक्षण ऑनलाइन झाले. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा आम्हा सगळ्यांचीच मान ताठ झाली. म्हणजे साधनांची किंवा प्रेरणेची वानवा नाही. प्रशिक्षणाचा साचा तेवढा हलत नाही. सभागृहात शे-दीडशे शिक्षक, पडद्यावर एकामागून एक डझनभर अ‍ॅप. ‘सगळ्यांनी खाते उघडा’ म्हटले की रेंज जाते आणि ओटीपी येईतो साधनव्यक्ती, म्हणजे प्रशिक्षण देणारी व्यक्ती, तिसऱ्या अ‍ॅपवर पोहोचलेली असते. मग चहा, हजेरीची लिंक, अभिप्रायाचा फॉर्म, प्रमाणपत्र डाउनलोड. दुसऱ्या दिवशी शाळेत मोबाइल हाती येतो तो पोषण आहाराची नोंद भरायला, मुलांचे आधार जुळवायला आणि ‘आजच, दुपारी दोनच्या आत’ म्हणून मागवलेला तक्ता पाठवायला.

मला खरा उपयोग झाला तो दोन-तीनच साधनांचा, आणि तीही शेजारच्या केंद्रातल्या (म्हणजे शाळांच्या गटातल्या) एका बाईंनी आपल्या वर्गात बसवून दाखवली म्हणून. त्यातले एक प्लिकर्स. त्यात मुलांकडे कोणतेच यंत्र लागत नाही. प्रत्येकाच्या हातात कागदावर छापलेले एक चौकोनी चिन्ह असते. चार कडा म्हणजे चार पर्याय. आपल्या उत्तराची कड वर करून कार्ड उंच धरायचे. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते दिसते. प्रत्येकाचे चिन्ह वेगळे, त्यामुळे शेजाऱ्याचे बघून कार्ड फिरवण्यात काही हशील नाही. अर्धा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश आणि एक षष्ठांश यांत सर्वांत मोठा कोणता, असे मी विचारले. एरवी ‘समजले का?’ म्हटल्यावर ‘हो बाई’ असा एका सुरात गजर करणारा माझा वर्ग. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी एक षष्ठांश निवडला, कारण सहा हा आकडा मोठा! तोंडी विचारले असते तर हे कधीच बाहेर आले नसते. पुढचे दोन तास आम्ही कागदाच्या पट्ट्या दुमडत बसलो. अशा अ‍ॅपमध्ये मी मुलांची नावे घालत नाही, फक्त हजेरी क्रमांक घालते. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी, असे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो. मी बसले त्या कोणत्याही प्रशिक्षणात याचा उल्लेख झाला नाही.

इंटरनेटवर शोधायचे कसे, हे मात्र मला आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांनी शिकवले. चौथीला ‘शिवछत्रपती’ असल्यामुळे मुलांच्या डोक्यात वर्षभर किल्लेच किल्ले. वाचनालयात मुलांना घेऊन गेले असताना प्रतापगडाची उंची शोधली, तर तीन संकेतस्थळांवर तीन आकडे. मुलांचा कौल अर्थातच सर्वांत वर आलेल्या पानाला. ग्रंथपालांनी हे पान कोणी लिहिले, कधी लिहिले आणि कशाच्या आधारे लिहिले, एवढेच विचारले. त्या पानावर लेखकाचे नाव नव्हते, खाली हॉटेलची जाहिरात तेवढी होती. मग त्यांनी मराठी विकिपीडियावरच्या लेखाचा ‘इतिहास’ उघडला. कोणत्या तारखेला कोणी कोणता शब्द बदलला, हे ओळीने पाहताना मुले खुर्च्यांवर उभी राहिली. शेवटी मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईत सिद्ध झालेला, पहिला खंड १९७६चा. ते जाडजूड खंड आज ऑनलाइन फुकट वाचता येतात आणि नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव असते. आपल्याच जिल्ह्यात घडलेला हा कोश जिल्ह्यातल्या किती शाळांच्या टीव्हीवर उघडला जातो? त्याची भाषा लहान मुलांना जड जाते, मान्य. पण सोपे करून सांगायला आम्ही आहोतच की. आता तर एआय आले आहे. ते उत्तर झटकन देते, लिहिणाऱ्याचे नाव मात्र देत नाही. तेव्हा ग्रंथपालांचे ते तीन प्रश्न मुलांना आधीच पाठ झालेले बरे.

‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक. ते पाळणाऱ्या माणसाची आपल्याकडे काय स्थिती आहे? १९६७च्या कायद्यानुसार राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळते. त्याच अनुदानात पुस्तके, वीजबिल आणि पगारही भागवायचा. ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपालाच्या हाती जे पडते त्याला पगार म्हणणेही जिवावर येते. संगणक कुठून तरी मिळालेला असतो, पण तो चालवायला शिकवलेले नसते. पुस्तकांच्या नोंदींसाठी ‘कोहा’ ही प्रणाली फुकट मिळते. न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातील ग्रंथालयांसाठी ती तयार झाली आणि २००० सालापासून वापरात आहे. आपल्या एनआयसीचे, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचे, ‘ई-ग्रंथालय’ही आहे. तरीही असंख्य गावांत पुस्तके दाखल नोंदवहीतच आहेत. एखाद्या मुलीला माकडांवरचे पुस्तक हवे असले तर सगळी भिस्त ग्रंथपालांच्या आठवणीवर. इथे शिक्षक उपयोगी पडू शकतो. रात्रंदिवस ऑनलाइन माहिती भरून आमची युनिकोड टायपिंगची बोटे चांगली तयार झाली आहेत, त्यांनी एखादे तरी शहाणपणाचे काम करावे!

अडचण अशी की शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि ग्रंथालये उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे. एकाच गल्लीत असलेल्या शाळेचा आणि वाचनालयाचा कागदोपत्री काडीचा संबंध नाही. दोन्ही खात्यांच्या जिल्हा अधिकाऱ्यांनी मनावर घेतले तर आमच्या शाळा-केंद्राच्या शिक्षण परिषदांपैकी (शिक्षकांच्या बैठकांपैकी) वर्षातून एक-दोन सार्वजनिक वाचनालयात भरवता येतील. पंधरा-वीस शिक्षक, एक ग्रंथपाल, एकच साधन, आणि प्रत्येकाने आपल्याच पुढच्या आठवड्याच्या पाठावर ते तिथेच करून पाहायचे. डोंगरातल्या ज्या शाळांना रेंजच नाही, त्यांच्या शिक्षकांनी किविक्स या नेटशिवाय वाचता येणाऱ्या अ‍ॅपवर मराठी विकिपीडिया उतरवून न्यावा. चित्रांशिवाय घेतला तर तो फोनच्या मेमरी कार्डात मावतो आणि नंतर नेट लागत नाही. या सगळ्याला निधी जवळपास लागतच नाही. ग्रंथपालांना मात्र त्या दिवसाचे मानधन द्यावे; साधनव्यक्तीला मिळते, तर त्यांना का नको?

आणखी एक मागणी, अगदी किरकोळ. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. अकरा-साडेअकराला मुले मोकळी होतात आणि नेमके तेव्हाच आमचे वाचनालय बंद होऊन चारला उघडते. बहुतेक गावांत वेळा अशाच आहेत. शनिवारपुरते तरी ते दुपारी एकपर्यंत उघडे ठेवावे, म्हणजे मुलांना घेऊन जायला आम्हाला वेगळी परवानगी काढावी लागणार नाही.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा