सूड नको, पुरावा जपा

शाळेतला छळ, समाजमाध्यमांवरची प्रसिद्धी आणि सूड अशा विषयावरच्या भयपटाचे परीक्षण रविवारच्या पुरवणीत वाचले. बघ्यांची गर्दीही छळात सामील असते, हे त्यातले निरीक्षण पटले. मात्र छळणाऱ्यांना जगासमोर उघडे पाडणे म्हणजे न्याय, हा सूर धोक्याचा वाटतो. लातूर-नांदेडला शिकवणीसाठी घर सोडून आलेली कितीतरी मुले वसतिगृहांत राहतात. तिथल्या मारहाणीचा व्हिडिओ सहानुभूतीने पुढे पाठवला, तरी मार खाणाऱ्या मुलाची मानहानी पुन्हा पुन्हा होते. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ तर चौकशी किंवा तपासातील बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते. ते संरक्षण पीडित मुलाला आहे, तसेच आरोप असलेल्या मुलालाही.

पालक घाईत आधी पोस्ट काढून टाकायला लावतात आणि पुरावाच जातो. त्याआधी पोस्टची आणि खात्याची लिंक, दिनांक, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. नुसते खात्याचे नाव टिपून भागत नाही, ते केव्हाही बदलता येते. मूळ फाइल असलेला मोबाइल तसाच जपावा. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ फिरला की त्याची फाइल दाबून लहान केली जाते आणि तो केव्हा, कशावर चित्रित झाला अशा त्यातील मूळ नोंदी टिकत नाहीत. मग शाळेला लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि सायबर पोलिसांकडे जावे. अशा परीक्षणाशेजारी बालकांसाठीचा १०९८ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक आपण छापावा, ही विनंती.

– एक शालेय समुपदेशक, परभणी