शेक देण्याआधीचा निर्णय

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फिजिकल थेरपिस्टने (आपल्याकडचा फिजिओथेरपिस्ट) उपचार ठरवून दिल्यावर माझ्यासारख्या सहाय्यकाला मशीन लावण्यापलीकडे काय उरते, असे तुम्ही विचारले होते. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत रुग्णाची मूळ तपासणी करणे, उपचाराचा आराखडा आखणे आणि बदलणे हे फिजिकल थेरपिस्टचेच काम. २ वर्षांचा अभ्यासक्रम व परीक्षा पार करून परवाना मिळवलेल्या आम्हा सहाय्यकांना तो अधिकार नाही. परंतु आराखडा सोमवारी लिहिला जातो आणि रुग्ण गुरुवारी समोर येतो; मधल्या काळात त्याच्या शरीरात काय बदलले हे पाहून आज उपचार द्यायचा, सौम्य करायचा की थांबवायचा, हे त्याच्याजवळ उभे असणाऱ्यालाच ठरवावे लागते.

समजा, सांधा बदललेल्या गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंना विद्युत उत्तेजन द्यायचे ठरले आहे. स्नायू नीट आकसत नसेल तर इलेक्ट्रोडची, म्हणजे त्वचेवर लावून प्रवाह पोहोचवणाऱ्या पट्ट्यांची, जागा सरकवणे किंवा प्रवाह कमी-जास्त करणे आराखड्यात बसते, ते मी करते. पण पोटरी सुजलेली, गरम आणि दाबल्यावर दुखणारी आढळली, तर शिरेत गुठळी असण्याच्या शंकेने काहीही न लावता लगेच थेरपिस्टला कळवते. निदान करणे माझ्या हाती नाही. थांबणे मात्र आहे.

सर्वांत साधा वाटणारा शेकच मला अधिक जोखमीचा वाटतो. गरम पॅक सुमारे ७० ते ७५ अंश सेल्सिअस पाण्यातून निघतो, म्हणून मध्ये टॉवेलचे ६ ते ८ थर ठेवतात आणि ५ मिनिटांनी त्वचा पाहतात. त्याआधी गरम व थंड पाण्याच्या नळ्या त्वचेला लावून रुग्णाला फरक कळतो का, हे तपासायचे असते. मधुमेहाने संवेदना गेलेल्या जागी तो कळत नसेल, तर कागदावर लिहिलेला असला तरी शेक देत नाही. शेक हवाहवासा वाटतो, त्यामुळे रुग्ण नाराज होतात. येथील फिजिकल थेरपी संघटनेने मात्र २०१४ मध्येच सांगितले आहे की असे निष्क्रिय उपचार, म्हणजे ज्यांत रुग्णाला स्वतः काही करावे लागत नाही ते, व्यायामात सहभागी होण्यासाठी गरजेचे असतील तेवढेच वापरावेत.

आईचे तळपाय बधिर असतात असे तुम्ही लिहिले आहे. तिच्या गुडघ्याला शेक देण्याआधी तेथे संवेदना तपासतात का, आणि नंतर व्यायाम करून घेतात का, हे विचारून कळवावे. रात्री गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकणे तिने आजपासूनच बंद करावे.

आपली,
नंदा