सल्ला नको, प्रश्न विचारा

संपादक महोदय,

निवृत्ती, जोडीदाराचा मृत्यू, मुलांचे परदेशी जाणे अशा वळणांवर माणसाने स्वतःला कसे सावरावे, यावर आपल्या पुरवणीत सध्या चर्चा चालू आहे. तिच्यात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मौनाचा उल्लेख आला आणि ‘म्हणजे विपश्यनेसारखेच काहीतरी’ असा सूर उमटला. ही गल्लत दूर व्हावी, आणि सल्ल्याऐवजी प्रश्न विचारणारी त्यांची एक बैठक वाचकांना कळावी, म्हणून हे पत्र.

इगतपुरीच्या विपश्यना शिबिराच्या दहा दिवसांत शंभर साधक एका सभागृहात बसले, तरी प्रत्येक जण पाहतो तो आपापला श्वास आणि आपापल्या संवेदना. क्वेकरांची तासाभराची सभा सगळ्यांची मिळून असते. सारे एकत्र वाट पाहत बसतात. कोणाला आतून शब्द आले, तर तो उठतो, थोडक्यात बोलतो आणि बसतो. शेवटी दोघे ज्येष्ठ हात मिळवतात, की सभा संपली. धर्मगुरू नाही, बाप्तिस्मा नाही. (सर्वाधिक क्वेकर आज केनियात आहेत. तिथे बहुधा पाळक म्हणजे धर्मगुरू असतो, भजने असतात, प्रवचन असते. या पत्रात आहे ती ब्रिटन-अमेरिकेतल्या मौनसभांची रीत.) आपल्याला हा पंथ अगदीच परका नाही. सेवाग्रामला गांधीजींच्या नयी तालीम शिक्षणपद्धतीच्या शिक्षकांना घडवणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकर होत्या, आणि होशंगाबादजवळचे रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटरही याच पंथाच्या लोकांनी उभे केले.

पुरोहितच नसेल तर लग्न कोण लावणार? कोणीच नाही. सतराव्या शतकात पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी भूमिका घेतली, की लग्न ईश्वर जुळवतो, माणसे फक्त साक्षीदार. मौन स्थिरावले की वधूवर उभे राहतात, एकमेकांचा हात धरून एका वाक्याचे वचन देतात आणि खाली बसतात. नंतर मोठा हस्तलिखित दाखला वाचला जातो. त्यावर हजर असलेला प्रत्येक जण सही करतो, नुकतीच अक्षरे गिरवू लागलेली पोरेसुद्धा. इंग्लंडच्या १७५३ च्या विवाह कायद्याने क्वेकर आणि ज्यू यांची लग्ने आपल्या नियमांतून वगळली. पेनसिल्व्हेनियात आजही लग्न लावणाऱ्याशिवाय, दोन साक्षीदारांच्या सह्यांवर चालणारा विवाह परवाना मिळतो.

मृत्यूनंतरची सभाही तशीच मौनाची. वक्त्यांची यादी नाही, हार घातलेली तसबीर मध्यभागी नाही. ज्याला आठवण सांगावीशी वाटेल तो सांगतो. सांगायचे असते ते मृताचे मोठेपण नव्हे, त्याच्या आयुष्यातून ईश्वरी कृपा कशी दिसली ते. इथे नेहमी बिघडते एकच गोष्ट. एक जण बसतो न बसतो तोच दुसरा उठतो, मग तिसरा. अमेरिकेतले क्वेकर याला ‘पॉपकॉर्न मीटिंग’ म्हणतात. दोन बोलण्यांमध्ये काही मिनिटे गेली नाहीत, तर आधीचे शब्द कोणाच्या मनात उतरतच नाहीत. अशा वेळी ज्येष्ठ उठून शांतपणे थोडा वेळ मागून घेतात. आपल्याकडच्या शोकसभेत दहा भाषणे आणि दोन मिनिटे स्तब्धता असते. हे प्रमाण उलटे करून पाहायला हरकत नाही.

पद सोडण्यालाही त्यांच्याकडे रीत आहे. ब्रिटनमध्ये सभेच्या (म्हणजे स्थानिक क्वेकर मंडळीच्या) कामांच्या नेमणुका साधारणपणे तीन वर्षांच्या असतात, फार तर आणखी तीन. समितीचे काम संपले की ती ‘खाली ठेवली’ अशी नोंद होते, जसे डोक्यावरचे ओझे उतरवून ठेवावे. आपल्या मंडळांचे तहहयात अध्यक्ष आठवले तर हसू येईल, पण निवृत्त माणसाला ‘काढून टाकले’ आणि ‘खाली ठेवले’ यांतला फरक सांगावा लागत नाही.

खरा ऐवज मात्र ‘क्लिअरनेस कमिटी’त आहे, आणि आपल्या वाचकांना घरी करून पाहता येईल असाही तोच. मुळात ही लग्नाआधीची चौकशी. सभेने नेमलेले लोक जाऊन पाहत, की मुलगा-मुलगी दुसऱ्या कोणत्या वचनात अडकलेले नाहीत ना, म्हणजे ‘क्लिअर’ (मोकळे) आहेत ना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच पद्धत नोकरी सोडणे, घर बदलणे, आजारपणातले निर्णय यांसाठी वापरली जाऊ लागली.

ज्याचा प्रश्न आहे तो आधी काही पाने लिहून देतो. त्यात नेमका पेच काय, त्यामागचा इतिहास काय आणि पुढे काय दिसते, एवढेच. पाच-सहा माणसे तो स्वतः निवडतो. ती वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या कामांतली असावीत. बायको, मुलगा, साहेब यांना घेऊ नये, कारण निर्णयात त्यांचा वाटा असतो. एक जण सुरुवात-शेवट सांभाळतो, एक जण प्रश्न टिपून घेतो. बैठक दोन ते तीन तासांची, आरंभ मौनाने. मग एकच नियम: फक्त प्रश्न. सल्ला नाही, ‘माझ्या मेव्हण्याचेही असेच झाले’ नाही, पुस्तकाचे नाव सुचवणे नाही. डोळ्यांत पाणी आले तर पाठीवर हात ठेवणेसुद्धा नाही, कारण मग तो माणूस स्वतःचे सोडून समोरच्याला सांभाळू लागतो. उत्तर द्यायचे की नाही, हे त्याच्या मर्जीवर.

बैठक फसते ती इथेच. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याने मनात आधीच ठरवले आहे, तो प्रश्न नव्हेच. निवृत्तीनंतर गावी जावे की मुलाकडे, हा पेच घ्या. ‘गावात चांगला डॉक्टर आहे का?’ हा प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला झाला. ‘गाव म्हटल्यावर आधी काय डोळ्यांसमोर येते?’ हा खरा प्रश्न. प्रश्न एका दमात बसेल एवढा असावा. प्रस्तावना लांबली की तिच्यातून भाषण डोकावते. उत्तरानंतर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. पहिला अर्धा तास हा संथपणा अंगावर येतो आणि कोणीतरी विनोद करून तो फोडतो. त्यालाच आवरायला हवे.

शेवटच्या पंधरा मिनिटांत त्या माणसाला विचारतात, की आता आरसा धरला तर चालेल का? तो हो म्हणाला तरच, त्याचेच शब्द आणि हालचाली त्याला परत सांगतात. ‘नोकरीबद्दल बोलताना तुम्ही तीनदा घड्याळ पाहिलेत’ एवढेच सांगायचे, त्याचा अर्थ लावायचा नाही. निर्णय बैठकीतच व्हावा अशी अपेक्षा कोणाचीच नसते. निर्णय आधीच पक्का झालेला असेल, घरच्यांनी ढकलून पाठवले असेल किंवा माणूस नैराश्याच्या आजारात असेल, तर ही बैठक बोलावू नये. आजारात पहिल्यांदा डॉक्टर.

टिपलेल्या प्रश्नांचा कागद त्याच्या हाती देतात, दुसरी प्रत ठेवत नाहीत. पाच-सहा जणांनी त्या विषयावर आपसात बोलायचे नाही आणि त्याने स्वतः काढल्याशिवाय त्याच्याशीही नाही. पुढच्या रविवारी चहाच्या वेळी ‘मग, काय ठरले?’ असे विचारणे हासुद्धा नियमभंगच.

आपला,
एक वाचक, वर्धा