संक्रांतीला उत्तरायण सुरू होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दर जानेवारीत पेपरमध्ये संक्रांतीची पानं येतात, तिळगूळ, हळदीकुंकू, वाण, काळ्या साड्या सगळं आवडीने वाचतो पण त्यात एक वाक्य हमखास असतंच की "खगोलशास्त्रानुसार आजपासून उत्तरायण सुरू होतं आणि दिवस तिळातिळाने मोठा व्हायला लागतो". परंपरा म्हणून लिहा, काहीच हरकत नाही. पण खगोलशास्त्राचं नाव घेतलं की ते आकाशात खरंच घडायला हवं ना! उत्तरायण, म्हणजे सूर्याचं उत्तरेकडे सरकणं, सुरू होतं २१-२२ डिसेंबरला, त्या दिवशी मुंबईत दिवस जेमतेम ११ तासांचा असतो आणि संक्रांत येईपर्यंत तो सात-आठ मिनिटांनी वाढलेलासुद्धा असतो. लोकांना हे जाणवत नाही कारण आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो, वाढ मिळते ती सगळी संध्याकाळच्या बाजूला.

साधारण १७०० वर्षांपूर्वी मात्र संक्रांत आणि उत्तरायणाची सुरुवात दोन्ही एकाच दिवशी यायचं, म्हणजे आपले जुने लोक चुकले नव्हते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी सुमारे २६,००० वर्षांची, त्यामुळे ऋतूंचं वर्ष नक्षत्रांच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी लहान पडतं आणि आपली संक्रांत, म्हणजे सूर्याचा मकर राशीतला प्रवेश, नक्षत्रांना बांधलेली म्हणून ती ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. हेच अयनचलन. आता कधी १४ तर कधी १५ जानेवारी येते ती त्यात लीप वर्षाची भर पडून. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं म्हणून "ऐन संक्रांतीला" असं बरेच जण लिहितात, तेही बरोबर नाही, त्या वर्षी संक्रांत ९-१० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती.

वाईट याचं वाटतं की हे सगळं मराठीत कधीचं लिहून ठेवलंय. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ चा, त्यात अयनचलनाची चर्चा आहे, आणि पंचांग आकाशाशी जुळलं पाहिजे म्हणून लोकमान्य टिळकांनी, ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकरांनी किती आग्रह धरला. इतकं सगळं असून शाळेतली मुलं आज पेपरमधलं वाक्य प्रोजेक्टमध्ये उतरवतात आणि भूगोलाच्या पुस्तकात २२ डिसेंबर वाचून गोंधळतात.

तेव्हा विनंती एवढीच की संक्रांतीच्या मजकुरातून ते वाक्य काढा आणि येत्या २२ डिसेंबरला पहिल्या पानावर छोटी चौकट द्या. त्यात मुलांना सांगा की आज गच्चीवरून सूर्य कुठल्या बिल्डिंगच्या किंवा झाडाच्या मागे मावळतो ते बघून ठेवा, मग संक्रांतीला त्याच जागेवरून परत बघा, तो चारेक सूर्यबिंबांइतका उजवीकडे म्हणजे उत्तरेला सरकलेला दिसेल.

आपला,
एक नियमित वाचक